त्या साली आम्ही हसलोही

आक्का आमच्या नात्यातली नव्हती, भावकीतलीही नव्हती. उचगावात आमच्या घराला लागून तिचं घर. मध्ये कुडाची भिंत आणि त्या भिंतीत कालवणाची वाटी इकडून तिकडं जाईल एवढं खिंडार. वडील मराठा पलटणीत, आई दिवसभर शेतात नाहीतर शिलाईच्या मशीनवर. त्यामुळं मी निम्मी आक्काच्या घरातच वाढले. गोवर आला तेव्हा तिनं मला मांडीवर घेऊन रात्री काढल्या, परीक्षेला निघाले की हातावर दही ठेवलं. शेजारणींची असली देणी आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या डोक्यावर असतात. ती फिटत नाहीत आणि फेड म्हणून कुणी दारातही येत नाही. मला लिहायचंय ते तिच्या दुसऱ्याच एका देण्याबद्दल. लढाईच्या दिवसांतलं सुख आठवायला भ्यायचं नसतं, हे मला तिनं शिकवलं.

आक्का नुसती बसून कधी काही सांगायची नाही. हातात शेंगा फोडायला, तांदूळ निवडायला, वाकळ शिवायला काहीतरी लागायचंच. हात चालायला लागले की तोंड चालायचं. तिची कालगणनाही वेगळी. एखादं लग्न कधी झालं विचारलं तर ती म्हणायची, "पोलंडवाली आलती न्हवं, त्येच्या दुसऱ्या साली." लहानपणी मला वाटायचं, पोलंड हे गडहिंग्लजकडचं एखादं गाव असणार.

आक्काचं माहेर वळिवड्याचं. कोल्हापूरहून मिरजेकडं निघालेल्या रेल्वेवरचं, पंचगंगेच्या काठचं हे गाव. १९४३ साली तिथल्या माळावर कौलारू बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि गाडीनं गोरी माणसं येऊन उतरायला लागली. बहुतेक बायका आणि पोरं. पुरुष म्हणावेत तर म्हातारे. बघता बघता पाचेक हजारांची वस्ती झाली. शाळा झाल्या, चर्च झालं, दवाखाना झाला, नाटकाचं थेटर झालं. गावानं त्याला 'क्यांप' हे नाव देऊन टाकलं.

ही माणसं कुठल्या वाटेनं आली ते मला पुष्कळ पुढं पुस्तकांतून कळलं. सप्टेंबर १९३९मध्ये पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टॅलिन अशा दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला. १० फेब्रुवारी १९४०च्या कडाक्याच्या थंडीत पूर्व पोलंडमधली घरंच्या घरं रशियन शिपायांनी रात्रीतून उठवली, गुरांच्या वाघिणींत कोंबली आणि सायबेरियाकडं, उत्तरेच्या जंगलांत लाकडं तोडायला धाडली. त्यानंतरही अशा खेपा होत राहिल्या. उपासमारीनं आणि तापानं किती गेले त्याची गणती नाही. १९४१च्या जूनमध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा कुठं या लोकांची सुटका झाली. जनरल आंदर्स यांनी त्यांच्यातूनच फौज उभी केली. १९४२मध्ये फौज आणि तिच्यामागं बायकापोरं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. पुरुष तिथून लढाईवर गेले. उरलेल्यांना जागा हवी होती. नवानगरच्या जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडीला अनाथ मुलांची सोय केली, आणि कुटुंबांची मोठी वस्ती झाली ती कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्याला.

आक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते अंड्यांचं. तिची आई क्यांपात अंडी आणि भाजी विकायला जायची. दहा वर्षांची आक्का डोक्यावर छोटी बुट्टी घेऊन मागोमाग. विकणाऱ्या बायका चार दिवसांत त्यांच्या भाषेतले आकडे शिकल्या. दूध 'म्लेको', अंडी 'यायका'. आक्का अगदी म्हातारपणीही अंड्यांची टोपली उचलताना 'यायका, यायका' असं आरोळी दिल्यासारखं म्हणायची आणि स्वतःच फिदीफिदी हसायची.

तिथं एक उंच बाई होती. तिचं नाव आक्काच्या जिभेवर कधी बसलं नाही. ती तिला 'उंच बाई'च म्हणायची. तिची मुलगी आक्काच्याच वयाची. ती बाई अंडं हातात घेऊन उन्हाकडं धरायची, आतलं बघायची आणि मगच घ्यायची. आक्काची आई चिडायची, "आमी काय नासकी देतो व्हय?" पण घासाघीस संपली की दोघी बायका बराकीच्या व्हरांड्यात टेकायच्या आणि पोरी गजगे खेळायच्या. गजगे आक्काचे. दोरीवरच्या उड्या त्या पोरीकडून शिकलेल्या.

एकदा उंच बाईनं भिंतीवरचा फोटो दाखवला. फौजी वेशातला नवरा. बोट लांब दाखवून म्हणाली, "इतालिया." घासाघिशीपलीकडचा, त्या बाईच्या बोलण्यातला आक्काच्या आईला समजलेला पहिलाच शब्द तो. कारण तिचा थोरला, आक्काचा भाऊ, मराठा पलटणीतून तिकडंच गेला होता आणि गावच्या मास्तरांनी वाचून दाखवलेल्या पत्रात तो मुलूख दोन-तीनदा आला होता. तिनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझा ल्योक. इटली." आक्का सांगायची, त्या दिवसापासून उंच बाईनं अंडी उन्हाकडं धरायची सोडली.

आज नकाशा समोर ठेवून बघते तेव्हा चकित व्हायला होतं. मे १९४४मध्ये मोंते कासिनोच्या डोंगरासाठी जी लढाई झाली, तिच्यात १८ तारखेला मठाच्या ढिगाऱ्यावर पोलंडच्या सैनिकांनी आपलं निशाण लावलं. त्याच आघाडीवर, खालच्या खोऱ्यात आठवी भारतीय डिव्हिजन लढत होती आणि तिच्यात मराठ्यांची एक पलटण होती. त्याच उन्हाळ्यात, १० जुलैला, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे हा बावीस वर्षांचा कोकणी शिपाई एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला आणि तिथंच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव तालुक्यातल्या त्याच्या घरी आणि वळिवड्याच्या बराकीत त्या वर्षी वाट बघणं एकाच मुलखाकडं लागलेलं होतं.

आक्काचा भाऊ गेल्याची तार त्याच सालच्या आषाढात आली. त्याला ना पदक मिळालं, ना त्याचं नाव कुठल्या पुस्तकात आलं. घरात चूल बंद झाली. दोन-तीन दिवसांनी, पाऊस धो-धो पडत असताना, शेताच्या वाटेनं उंच बाई आणि तिची मुलगी चिखल तुडवत घरी आल्या. बाईनं भिजलेल्या फडक्यातून पावाचा लोफ काढून जोत्यावर ठेवला आणि आक्काच्या आईच्या शेजारी बसली. बोलणार काय? एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. अंधार पडायला लागला तशी ती उठली आणि गेली. "पाव कुणी खाल्ला न्हाई," आक्का सांगायची, "बाटंल म्हणून. पर आयनं त्यो टाकूबी दिला न्हाई. उंदरांनी खाल्ला."

ही झाली दुःखाची गोष्ट. लढाईची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो, डोळे पुसतो आणि उठतो. आक्का उठू द्यायची नाही. तिची खरी गोष्ट पुढंच असायची.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात, नाताळाच्या दिवसांत, क्यांपाच्या थेटरात येशूच्या जन्माचं नाटक होतं. उंच बाईची मुलगी आक्काला हात धरून घेऊन गेली. नाटकात बाळाला बघायला तीन राजे येतात. त्यांतल्या एका राजाला कोल्हापुरी फेटा बांधला होता. बहुधा गावातल्याच कुणी बांधून दिलेला असणार. राजा झालेलं पोर बारकं, फेटा मोठा. राजा बाळापुढं वाकला आणि फेटा सुटला. तो आवरायला गेला तर शेमला दुसऱ्या राजाच्या पायात अडकला आणि तिन्ही राजे एकमेकांवर कोसळले. सगळं थेटर हसलं. आक्का एवढी हसली की तिला उचकी लागली. घरी आली तरी हसू थांबेना. आजीनं एक थोबाडीत दिली. "भाऊ जाऊन सा म्हयनं न्हाई झालं, आन् दात काढतीस?"

आक्काचं हसू तिथं थांबलं ते कित्येक वर्षं. ती नाटकाची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. भावाच्या आठवणीला लागूनच ती आठवण यायची आणि आली की गालावर चटका बसायचा.

१९४५मध्ये लढाई संपली, पण क्यांपातल्या माणसांना जायला घर उरलं नव्हतं. याल्टाच्या वाटाघाटीत त्यांचा पूर्वेकडचा मुलूख रशियाच्या पदरात गेला होता. १९४७-४८पर्यंत ती हळूहळू पांगली. कुणी इंग्लंडला, कुणी आफ्रिकेत, कुणी ऑस्ट्रेलियात. थोडी पोलंडला परतली. उंच बाई जाताना आक्काच्या आईला शिवणाची कात्री देऊन गेली. बराकी रिकाम्या झाल्या नाहीत तोच फाळणीनं हाकललेली सिंधी कुटुंबं त्यांत येऊन राहिली. आज पश्चिम महाराष्ट्रातले व्यापारी जिथं घाऊक कापडाला जातात ते गांधीनगर ते हेच. आक्काचा नवरा तिथंच एका पेढीवर गठ्ठे उचलायचा. त्या पेढीवरच्या म्हाताऱ्या सिंधी बाईनं आक्काला सिंधमधलं जळलेलं घर कधी सांगितलं नाही. सांगितलं ते सिंधूच्या पाण्यावर नावेतून गेलेलं स्वतःच्या लग्नाचं वऱ्हाड. त्याच बराकी, दुसरी माणसं. आणि तीही सांगताना सुखाचंच सांगत होती.

आता माझं सांगते.

डिसेंबर १९७१. मी शाळेत नुकतीच जायला लागले होते. लढाई सुरू झाली तेव्हा मुंबईत रात्रीचे दिवे मालवत होते. आमच्याकडं रात्र तशीही अंधारीच असायची. गावात रेडिओ मोजके होते. आई संध्याकाळी पाटलांच्या सोप्यात बातम्या ऐकायला जायची आणि आली की बोलायची नाही. वडील पूर्वेच्या आघाडीवर होते एवढंच आम्हाला माहीत. ते दिवस गुऱ्हाळाचे. आक्का मला बरोबर घेऊन गुऱ्हाळावर जायची. तिला तिथं चिपाडं वाळत घालायचं काम होतं.

तो दिवस मला आजही तासागणिक आठवतो. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला जळव्या, त्याच्या उघड्या पाठीवर घामाला चिकटलेली राख. काईलीत रस उकळायला लागला की वर येणारी काळपट मळी आणि ती काढल्यावर खालून दिसणारा रसाचा सोनेरी रंग. पहाटेपासून चौथं आदण चाललेलं. गुळव्यानं काईलीतला थोडा पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघितली आणि मान हलवली, अजून नाही म्हणून. त्याच्या अलीकडची ती काकवी. त्यानं उसाच्या पानावर मला काकवी ओतून दिली, वर शेंगदाण्याचे चार दाणे टाकले. पान दुमडून ओठाला लावलं तर धार कोपरापर्यंत ओघळली. आक्का ओरडली, "चाट की, मुंग्या लागतील!" मी कोपर चाटायला गेले. कोपर काही जिभेला लागेना. गुळव्या हसला, जळव्या हसला, मी तर लोळायचीच बाकी होते.

आणि त्याच वेळी बांधावरून तारवाला सायकल हातात धरून येताना दिसला.

तार इंग्रजीत. शाळेच्या गुरुजींनी वाचली. वडील जखमी होते. जमालपूरच्या लढाईत त्यांचा पाय गेला होता, हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच की आई मटकन खाली बसली आणि गुऱ्हाळावरची सगळी माणसं तिच्याभोवती गोळा झाली. माझ्या हाताला काकवी तशीच.

पुढं दर सोळा डिसेंबरला शाळेत विजय दिवस व्हायचा आणि फौजीची मुलगी म्हणून मला उभं करायचे. गुरुजींनी भाषण लिहून दिलं होतं. त्यात माझ्या त्या दिवसाचं वर्णन होतं. घरावर दुःखाची छाया होती, अन्न गोड लागत नव्हतं, चिमुकल्या डोळ्यांत अश्रू होते. मी ते आक्कासमोर पाठ म्हणत होते. आक्का शेंगा फोडत होती. ती मध्येच थांबली.

"त्या दिशी तू काकवी खाल्लीस," ती म्हणाली.

मला रडूच कोसळलं. कुणालाही माहीत नसावं असं मला वाटत होतं तेच तिनं बोलून दाखवलं होतं. बाप जखमी झाल्याची बातमी आली त्या दिवशी मी पोट धरून हसत होते आणि वर्षानुवर्षं मला तो दिवस आठवला की आधी आठवायची ती काकवीची चव. माझ्यात काहीतरी खोट आहे असं मी मनात धरून बसले होते. आक्कानं फोडलेल्या शेंगांची पाटी बाजूला सारली आणि पहिल्यांदा मला फेट्याची गोष्ट सांगितली. राजे पडले तिथंपर्यंत आणि आजीनं थोबाडीत दिल्यापर्यंतच नाही, तर त्याच्या पुढचीही.

पुढची अशी. आक्काची आई म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली, तेव्हा आक्का माहेरी जाऊन राहिली होती. एका रात्री आई म्हणाली, "त्यो राजाचा फेटा कसा सुटला गं, सांग की." आक्काला धक्का बसला. आईला कुठून माहीत? आई म्हणाली, "त्या पोरीची आय सांगून गेलती, हातवारं करून. तुज्या आजीच्या भ्यानं म्या कवा इचारलं न्हाई." आक्कानं सगळं सांगितलं. आई हसली. हसता हसता मुलाचं नाव घेतलं आणि म्हणाली, त्याला पण फेटा नीट बांधता यायचा नाही. इतक्या वर्षांत त्या घरात त्या मुलाचं नाव रडल्याशिवाय निघालं ते त्या रात्री पहिल्यांदा.

"बग," आक्का मला म्हणाली, "वाईट आटवण बलवायला लागत न्हाई. ती आपली आपुन येती, दार ढकलून. चांगलीला बलवायला लागतंय, पाट मांडून बसवायला लागतंय. न्हाईतर ती बिचारी दारातनंच माघारी जाती."

आमच्या घरात याचा प्रत्यय रोज येत होता. वडील पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून लाकडी पाय लावून आले. रात्री झोपेत ओरडायचे. काय दिसतं म्हणून विचारलं तर सांगायचे नाहीत आणि आम्हीही विचारणं सोडलं. दार ढकलून येणारी ती आठवण त्यांची त्यांच्यापाशी राहिली. पण आक्का संध्याकाळी कठड्यावर येऊन बसायची आणि मुद्दाम खोदून विचारायची, "भाऊजी, ती नारळाची गोष्ट सांगा." मग वडील खुलायचे. गारो टेकड्यांच्या बाजूनं खाली उतरलेली पलटण, बैलगाड्यांवर सामान लादून नदी ओलांडायला मदत करणारी तिथली माणसं, एका म्हाताऱ्यानं कोयत्यानं शहाळी फोडून रांगेतल्या प्रत्येक शिपायाच्या तोंडाला लावली ती. "पैसे द्यायला लागलो तर कोयता दाखवला म्हाताऱ्यानं," वडील म्हणायचे आणि हसायचे. आई आतून ऐकायची. नवऱ्याच्या लढाईतलं तिच्या वाट्याला आलेलं हे एवढंच. तेही आक्कानं मिळवून दिलेलं.

मी पुढं शिक्षिका झाले. निवृत्तीच्या सुमारास डेन्मार्कमधला एक अभ्यास वाचनात आला. आर्हुस विद्यापीठातल्या डोर्थे बर्न्टसन आणि डोर्थे थॉमसन या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी २००५ साली तो छापला. ७२ ते ८९ वयाच्या १४५ जणांना त्यांनी दोन दिवसांबद्दल विचारलं. जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या तो ९ एप्रिल १९४०चा दिवस, आणि जर्मनांनी शरणागती पत्करल्याची बातमी लंडनच्या रेडिओवरून आली ती ४ मे १९४५ची संध्याकाळ. तुम्ही कुठं होता, हवा कशी होती, ऊन होतं का ढग? साठेक वर्षांपूर्वीचं हे. उत्तरं त्यांनी वेधशाळेच्या जुन्या नोंदींशी ताडून बघितली. म्हाताऱ्यांची उत्तरं, केवळ अंदाजानं सांगणाऱ्या तरुणांपेक्षा कितीतरी बरोबर निघाली. आणि ज्यांचा जर्मनांविरुद्धच्या चळवळीशी काही संबंध होता त्यांच्या आठवणी इतरांपेक्षा जास्त लख्ख, जास्त तपशिलाच्या आणि जास्त अचूक होत्या. ज्याचं त्यात काही गुंतलेलं असतं त्याच्या मनात ते टिकतं.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्यांनी त्या लोकांना युद्धातली स्वतःची सगळ्यांत वाईट आठवण विचारली होती आणि सगळ्यांत चांगलीही. दोन्ही, शेजारी शेजारी. मी आयुष्यभर वीरमातांचे, वीरपत्नींचे सत्कार बघत आले. शाल, श्रीफळ, दोन शब्द. त्यांना सगळ्यांत वाईट आठवण विचारणारे पुष्कळ बघितले. सगळ्यांत चांगली कुणी विचारताना मी बघितलं नाही. विचारलं तर अपमान होईल असं वाटत असावं. आक्काच्या आईनं मात्र तिला आणि तिनं माझ्या वडिलांना हेच तर विचारलं होतं.

क्यांपात वाढलेली माणसं म्हातारपणी अधूनमधून कोल्हापूरला येतात. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. आक्का सत्तरीत असताना असाच एक जथा आला होता. ओळखीच्या एका प्राध्यापकांमुळं त्यातल्या एक बाई आमच्याकडं आल्या. माझ्या मनात काय काय चित्रं होती! दोघी एकमेकींना ओळखतील, गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. त्या बाई दुसऱ्याच रांगेतल्या होत्या. त्यांना उंच बाई आठवत नव्हती, फेट्याचं नाटकही आठवत नव्हतं. त्यांना आठवत होता कौलांवर पडणारा पाऊस, व्हरांड्यात निघालेला साप आणि पंचगंगेत चोरून पोहल्याबद्दल खाल्लेला मार. दुभाष्यानं सांगितलं, बाई म्हणतात सायबेरियात धाकटा भाऊ गेला, त्याचा चेहरा आठवत नाही. इथं पहिल्यांदा खाल्लेला आंबा मात्र सालीच्या वासासकट आठवतो, आणि याची त्यांना लाज वाटते.

आक्कानं ते ऐकलं. मग दुभाष्याला म्हणाली, "त्यास्नी सांगा, आंबा आटवतोय म्हणून तर भाऊ आटवतोय. आंब्याची गोष्ट सांगताना भावाचं नाव घेत्यात का न्हाई?" दुभाष्याला ते कसं सांगायचं कळेना. त्यानं जे काय सांगितलं ते सांगितलं. बाईंनी मान हलवली. मग दोघींनी चहा प्यायला आणि अंडी, दूध, पाव यांची नावं एकमेकींना म्हणून दाखवली. आक्काचं एकही चुकलं नाही.

आक्का गेली तेव्हा मी तिच्याजवळ होते. पुढं २०२४च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्सात गेले आणि तिथल्या कोल्हापूर स्मारकावर त्यांनी पुष्पचक्र वाहिलं. टीव्हीवर त्या परक्या राजधानीतल्या दगडावर आपल्या गावाचं नाव दिसत होतं. हे स्मारक मोंते कासिनोच्या स्मारकाला लागूनच आहे. ते बघताना मला आक्काच्या आईचं 'इटली' आठवलं. कृतज्ञतेचे दगड देश उभे करतात आणि ते चांगलंच आहे. जोत्यावर भिजत येऊन बसलेल्या बाईला आणि न खाल्लेला पाव जपून ठेवणाऱ्या बाईला दगड कुणी उभा करणार नाही. त्यांचं देणं माणसांतूनच पुढं जायचं.

मे २०२५मध्ये सीमेवर पुन्हा तोफा सुरू झाल्या. आमच्या गल्लीतल्या एका जवानाची बायको सासरी एकटी होती. मुलगा आठ वर्षांचा. टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा, तिचा फोनवर जीव. त्यातच पोराचा वाढदिवस आला. गल्लीतल्या पोरांनी त्याला आमरसात तोंड बुडवायला लावलं आणि तो खिदळत सुटला. त्याच्या आईनं भडकून त्याला ओढत घरात नेलं. "बाप तिकडं आणि तू हसतोस?" मला वळिवड्याची ती थोबाडीत ऐकू आली.

मी त्यांच्या घरी गेले. पोरीसारखी ती माझ्या. तिला म्हटलं, बाळा, भीती तुझ्यापाशी राहू दे, ती कुठं जाणार नाही. पण त्याच्या आजच्या दिवसात आमरस राहू दे. त्याचा बाप परत आला की त्याला विचारेल, माझ्यामागं तू काय केलंस? त्याला सांगायला याच्यापाशी काहीतरी हवं. दोन दिवसांनी शस्त्रसंधी झाली. बाप सुट्टीवर आला तेव्हा पोरानं तोंड बुडवल्याची गोष्ट त्याला करून दाखवली, आणि ती करून दाखवताना पुन्हा एकदा शर्ट बरबटवून घेतला. या वेळी आई रागावली ती फक्त शर्टासाठी.

आक्काचं माझ्यावरचं देणं या पोराच्या खात्यावर मी थोडं वळतं केलं, इतकंच. तो मोठा झाल्यावर कुणाच्या दारात जाऊन काय विचारेल, ते त्याचं त्यानं बघावं.